उजव्या खांद्यावरचा हात

चपलांवरून मला कळायचं. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चमागच्या जुन्या शाळेच्या खोल्यांत धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. माझ्या वर्गाबाहेर चपला ओळीत असतात, कारण मी त्या ओळीत ठेवायला लावते. शेजारच्या खोलीत वर्ग घेणाऱ्या नव्या बाईच्या दाराबाहेर ढीग असायचा. माझा वर्ग सुटून बाकीची मुलं सायकली काढून घरी गेली, तरी तो ढीग हलायचा नाही. त्यात माझ्या मुलीच्या निळ्या सँडल असायच्या. पाण्याच्या टाकीचा नळ नीट बंद आहे का ते बघायच्या निमित्ताने मी तिथून जायची. तो नळ कधीच गळत नव्हता.

आत हशा चालू असे, किंवा एकदम शांतता. शांतता मनाला जास्त लागायची. हसवणं सोपं आहे. नववी-दहावीची पोरं रविवारी सकाळी, नाश्ता न करता, आपणहून गप्प बसतात, ते कशासाठी?

मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते आणि रविवारी धर्मशिक्षण. लग्न होऊन गिरीजला आले त्याच्या पुढच्याच वर्षी तेव्हाच्या फादरांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. तेव्हापासून गावातल्या बहुतेक पोरांचं दृढीकरण माझ्या हाताखालून गेलं. दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी बाप्तिस्म्याच्या वेळी जे कबूल केलं, ते मोठेपणी स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. बिशप येतात, कपाळाला पवित्र तेल लावतात. त्याआधी वर्षभर तयारी असते. ती तयारी मी घेत होते. सात संस्कार, दहा आज्ञा, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर. बिशपांनी अचानक विचारलं तर माझ्या वर्गातलं एकही पोर अडखळलेलं नाही.

मग नवे फादर आले. तरुण आहेत, स्कूटर जोरात चालवतात. जूनमध्ये म्हणाले, "टीचर, नववी-दहावीच्या मुलांसाठी तुमच्या वर्गानंतर आपण प्रश्नांचा तास सुरू करू या. अभ्यासक्रम तुम्ही घ्याच. पण मुलांना मनातलं विचारायला एक जागा हवी. माझ्या आधीच्या चर्चमध्ये एक बाई फार छान घेत होत्या. त्या आता पुलापलीकडे एव्हरशाईनच्या इमारतींत राहायला आल्यात."

"मनातलं विचारायला माझा वर्ग आहे की," मी म्हटलं.

"आहेच," फादर म्हणाले. "पण विचारतात का?"

शंका असेल तर हात वर करा, असं मी दर रविवारी सांगते. कोणी हात वर करत नाही. मी त्याचा अर्थ असा घेत होते की त्यांना समजलेलं आहे.

ती आली. मूळची मंगळूरकडची, बँकेत नोकरी, माझ्याच वयाची. आखूड केस, नखांना गडद लाल रंग, हातात पुस्तक नाही. मराठी अर्धी, हिंदी अर्धी. 'तो खुर्ची' म्हणायची आणि पोरं खिदळून तिला दुरुस्त करायची. दुरुस्त करता करता तिच्याभोवती कोंडाळं करून बसायची. मला ती टीचर म्हणतात. तिला पहिल्याच रविवारपासून आंटी.

तिची पद्धत मी बाहेरून ऐकली. पद्धत कसली, एक पोरगा म्हणाला, "आंटी, देवाला सगळं आधीच माहीत असतं, तर मग परीक्षेच्या आधी प्रार्थना करून काय फायदा? पेपर तर सेट झालेला असतो."

माझ्याकडे याचं उत्तर आहे. चार वाक्यांत आहे.

ती म्हणाली, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं काही फायदा नाही."

"फिर भी करतोस?"

"करतो."

"का?"

पोरं ओरडायला लागली. एक म्हणाली भीती वाटते म्हणून, एक म्हणाला मम्मी मारते म्हणून. एकीने विचारलं, यूदासने येशूला दगा द्यायचा हे आधीच ठरलेलं होतं, तर त्याची काय चूक? तासभर हे चाललं. शेवटी कोणीतरी म्हणालं, "आंटी, पण खरं उत्तर काय?" आणि ती म्हणाली, "मला माहीत नाही, बच्चा. मी पण विचार करते."

मी टाकीच्या नळाशी उभी होते. शाळेत एखाद्या मास्तरणीने पालकसभेत असं म्हणून बघावं. मला माहीत नाही! मग पगार कसला घेता, असं विचारतील. पण इथे पोरं खूश होऊन बाहेर पडत होती. माझी मुलगीही. घरी येताना ती स्कूटरवर माझ्यामागे बसायची आणि निम्म्या रस्त्यापर्यंत तिचं आंटीपुराण चालायचं. आंटी म्हणते, आंटीला वाटतं, आंटी एकदा. मी म्हणायची, "नीट धरून बस."

मत्सर हा शब्द मी धर्मशिक्षणात शिकवते, सात मुख्य पापांच्या यादीत तो येतो. मुलांना उदाहरण द्यावं लागतं म्हणून मी शेजाऱ्याच्या नव्या मोबाईलचं देत आले. ते उदाहरण अगदीच कच्चं आहे. मोबाईल विकत घेता येतो.

आमच्या वाडीला लागून एका हिंदू कुटुंबाची वाडी आहे. मध्ये फक्त बांध. केळी, नारळ, फुलं. त्या घरातली आजी माझ्या मुलीची आजीच होती म्हणायची. माझी सासू लग्नाआधीच गेलेली, मी शाळेत, नवरा वाडी बघून नोकरीला. पोर तिच्या अंगणात वाढली. आजी तिची वेणी घालायची, निर्मळच्या जत्रेतून तिच्यासाठी सुकेळी आणायची. सुकेळी म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, पानात बांधून मिळतात. माझी मुलगी त्यांच्यापायी जत्रेची वाट बघायची. माझ्या सासऱ्यांशी मात्र आजीचं बांधावरून कायमचं भांडण. ते गेले तेव्हा सगळ्यात आधी तीच आली. तेव्हापासून दर नोव्हेंबरला, आम्ही मृतांच्या दिवशी कबरी सजवतो, तेव्हा टोपलीभर फुलं तिच्या वाडीतून यायची. पैसे देऊ केले तर म्हणायची, "मास्तरणी, तुझ्या सासऱ्याला माझ्याकडून फुकट काही घेताना बघायचंय मला."

गणपतीनंतर आजी अंथरुणाला खिळली. आधी बोलणं गेलं, मग खाणं. मुलगी रोज क्लासवरून तिथे जाऊन बसायची. एका संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"मम्मी, आजी मेली तर स्वर्गात जाईल?"

मी उत्तर दिलं. स्वतःच्या चुकीशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सद्सद्विवेकाने जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

"पण आजीला ओळख झाली आहे ना," ती म्हणाली. "इतकी वर्षं आपल्या शेजारी राहिली. नाताळचा अर्धा केक तीच संपवते. तिला सगळं माहीत आहे. मग ओळख झाली नाही, यात ती कशी बसते?"

"बसते," मी म्हटलं. "भाकरी उलट."

तिने भाकरी उलटली. पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, पटलं.

पुढच्या रविवारी आंटीच्या वर्गाबाहेरचा चपलांचा ढीग इतका वेळ हलेना, की मी स्कूटर काढून एकटी घरी आले. मुलगी दुपारी कोणाच्या तरी सायकलवर आली. डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा. आपल्या मुलीचा चेहरा मोकळा बघून राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"काय झालं वर्गात?"

"काही नाही. आजीबद्दल बोललो सगळे."

"आंटी काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. ऐकत होती."

मग देव्हाऱ्यावरची बाटली दिसेनाशी झाली. आमच्या घरोघरी असते तशी, मारियामातेच्या आकाराची प्लॅस्टिकची, निळ्या मुकुटाचं टोपण असलेली. ईस्टरचं आशीर्वादित पाणी तिच्यात ठेवतात. झाडूनपुसून घेताना मला जागा रिकामी दिसली. दोन दिवसांनी मुलीच्या दप्तरात डबा शोधताना ती हाताला लागली. भरलेली होती.

मला समजायला वेळ लागला नाही. ऑगस्टमध्ये मीच शिकवलं होतं, की माणूस मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतो. त्या माणसाची तशी इच्छा असावी लागते, हेही शिकवलं होतं. पण पोरं नियम लक्षात ठेवतात, अटी नाही. शेजारच्या घरात बेशुद्ध म्हातारी, आणि आमची पोर तिच्या डोक्यावर पाणी घालणार. आजीच्या सुनेने बघितलं असतं तर? दोन्ही वाड्या त्या बांधावर उभ्या राहिल्या असत्या, आणि गावही. आणि तिने बघितलं नसतं, तरी ते चोरूनच झालं असतं.

मुलगी आली. मी बाटली टेबलावर ठेवली होती.

"घातलंस?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही घातलं. आंटीला विचारलं फोन करून. आंटी म्हणाली नको."

मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. टाकलाही असेल. पण मी विचारलं ते असं, "आंटीला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला नाही?"

ती म्हणाली, "मला दृढीकरण घ्यायचं नाही, मम्मी. आजी बाहेर राहणार असेल तर मलापण आत नको."

दृढीकरण जानेवारीत होतं. माझ्या नणंदेने, मुलीच्या बाप्तिस्म्याच्या गॉडमदरने, साडीसुद्धा घेऊन ठेवली होती. आमच्याकडे रीतच आहे, बाप्तिस्म्याला जी उभी राहते तीच दृढीकरणालाही धर्ममाता म्हणून मागे उभी राहते. पण साडीचं मला काही नव्हतं. ज्या पोरीला मी गुडघ्यावर बसून क्रुसाची खूण करायला शिकवलं, ती मला दारातून बाहेर निघते आहे असं सांगत होती, आणि तिला त्या दारापर्यंत कोणी पोचवलं हे मला पक्कं ठाऊक होतं. निदान तेव्हा तसं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी मी पूल ओलांडून एव्हरशाईनला गेले. सगळ्या इमारती सारख्या, वॉचमनला दोनदा विचारावं लागलं. तिने दार उघडलं, घरच्या गाऊनमध्ये.

"अरे टीचर! बैठो ना."

मी बसले. चहा नको म्हटलं, तरी तिने ठेवला.

"माझी मुलगी शेजारी पाण्याची बाटली घेऊन गेली होती. तुम्हाला माहीत होतं."

"हो. तिने फोन केला होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"मी तिला बोलले, मम्मीला सांग. ती बोलली, सांगते."

"नाही सांगितलं."

"मग मेरी गलती," ती म्हणाली. "मी विचारायला पाहिजे होतं परत. सॉरी, टीचर."

भांडायची तयारी करून गेलेल्या माणसापुढे कोणी असं लगेच चूक कबूल करू नये. सगळं सामान हातातच राहतं.

"तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"मी विचारलं, आजीला विचारलं का? ती बोलली, आजी बोलत नाही, झोपूनच असते. मी बोलले, मग झोपलेल्या माणसावर चुपचाप पाणी नको टाकू. ते तिचं घर आहे. कोपऱ्यात तिचा देव आहे. तुझ्या आजोबांच्या कपाळाला झोपेत कोणी काही लावलं असतं, तर तुला चाललं असतं काय?"

यात मला एकही शब्द बदलावासा वाटेना. त्यामुळे तर जास्तच.

"आणि आजी कुठे जाणार, हे?"

"बोलले, मला माहीत नाही."

"त्यावर शिकवण आहे चर्चची."

"आहे. तिला पाठ आहे. तुम्ही शिकवलंय." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी आले होते दृढीकरणाबद्दल जाब विचारायला. तोंडून निघालं भलतंच. "मग ती मला का विचारत नाही?"

तिने चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला. सांगावं की नको, असा तिचा चेहरा झाला.

"ती बोलते, मम्मीला विचारलं की उत्तर येतं."

"मग? उत्तर नको?"

"पाहिजे. पण उत्तर आलं की मग बोलायचं काही राहत नाही, असं बोलते ती."

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि कॉलेजातली एक मुलगी बाहेर आली. तिची मुलगी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मम्मी, मैं कल भी चर्च नहीं आ रही. सुबह उठाना मत."

"ठीक है. खाना खाके जा."

"भूख नहीं है." दार आपटलं.

ती माझ्याकडे बघून हसली, कसंनुसं. "मेरीवाली. तीन वर्षं झाली. दुनियाभरची मुलं मला विचारतात, ही नाही विचारत. काही नाही."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. पूल उतरेपर्यंत मला छान वाटत होतं. आमच्या वळणाशी आल्यावर लक्षात आलं, की दप्तरातली बाटली सापडेपर्यंत मलाही काही विचारलं जात नव्हतं, आणि मी त्याला पटणं समजत होते.

आजी ऑक्टोबरच्या शेवटी गेली. अंत्ययात्रेला आमचं घर होतंच. मुलगी बांधापाशी उभी राहिली, पुढे आली नाही.

मृतांच्या दिवसाच्या आदल्या दिवशी आजीची सून बांधावर आली. मला म्हणाली, "वहिनी, फुलांचं कसं करायचं? आम्हाला सुतक आहे. आम्ही फुलं तोडत नाही. तुम्हाला आमच्या हातची चालणारही नाहीत."

"आमच्यात सुतक नसतं. द्या तुम्ही."

"नको हो. सासूबाईंनी कधी मोडलं नाही, मी कशी मोडू? पण एक वर्षही त्यांनी फुलं चुकवली नाहीत. तुम्हीच या आत. तुमच्या हातांनी तोडून घ्या. टोपली त्यांचीच घ्या."

मग मी आणि मुलगी त्यांच्या वाडीत गेलो. झेंडू, कागडा, कडेला सोनचाफ्याचं झाड. आजीच्या टोपलीचा काठ एका बाजूला उसवलेला आहे, ती बाजू पोटाशी धरायची असते, हे मुलीला माहीत होतं. मला नव्हतं. सून ओसरीवर बसून लांबून सांगत होती, "त्या ओळीतली नको, वहिनी, ती परवा उमलतील." आमच्याकडे तिचं सुतक नाही, तिच्याकडे आमचे मृत नाहीत, आणि फुलं तर तोडली जात होती.

मुलगी माझ्याकडे पाठ करून तोडत होती. म्हणाली, "मम्मी, आजी कुठे गेली?"

उत्तर जिभेवर होतं. पहिला शब्द तोंडात आलेला होता, 'ख्रिस्तसभा'. मी तो गिळला. दुसरं काही सुचेना, म्हणून जे ऐकून ठेवलं होतं तेच म्हटलं.

"मला माहीत नाही."

"आंटीपण हेच म्हणते."

"माहीत आहे मला, आंटी काय म्हणते ते." शब्दसुद्धा माझे नव्हते. तेही तिच्याकडून उचलावे लागले होते.

पण मी पुढे बोलले नाही. चाफ्याच्या खालच्या फांद्या संपल्या होत्या. मी वरची फांदी ओढून धरली आणि मुलगी तोडत राहिली. टोपली अर्धी भरली तेव्हा ती म्हणाली, "मी टोपण काढलं होतं."

"कसलं?"

"बाटलीचं. त्या दिवशी. काकी मागे कपडे वाळत घालत होत्या. मी टोपण काढलं, आणि आजीने डोळे उघडले. मला वाटलं, आता ओरडेल. ती बाटलीकडे बघत राहिली. मग तिने हात जोडले. म्हणजे जोडता येत नव्हते, एकच हात वर आला, तो असा छातीवर ठेवला. तिने बाटलीला नमस्कार केला, मम्मी. मारियामाता आहे ना ती. रस्त्यावरच्या क्रुसाला करायची, तसा."

मी फांदी धरून उभी होते.

"मग मी टोपण लावलं. मला काय घालायचं होतं, तेच कळेना. मग घरी येऊन आंटीला फोन केला."

"आंटीला हे सांगितलंस? नमस्काराचं?"

"नाही."

"का?"

"आंटीने कुठे बघितलीय आजी?" ती म्हणाली. जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

मी फांदी सोडली. ती सटकन वर गेली आणि पाकळ्या आमच्या डोक्यावर पडल्या. एव्हरशाईनच्या बाईला वाटतं की तिने माझ्या मुलीला थांबवलं. तिने नाही, आजीने थांबवलं. हे मला माहीत आहे, तिला नाही. मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. एवढं एक माझ्याकडे राहू दे.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत सगळं गाव होतं. सासऱ्यांच्या कबरीवर आम्ही फुलं मांडली, मेणबत्त्या लावल्या. मुलीच्या हातात एक मेणबत्ती उरली.

"आजीची कुठे लावू? तिची कबरच नाही."

"इथेच लाव. आजोबांच्या उशाशी."

"चालेल?"

"जन्मभर बांधावरून भांडले दोघं. ओळख आहे."

ती हसली. मेणबत्ती लावताना वाऱ्याने दोनदा विझली. तिसऱ्यांदा मी हाताचा आडोसा केला. बाजूच्या कबरीवरची म्हातारी विचारत होती, एवढी चांगली फुलं कुठून आणली. मुलीने सांगितलं, "आजीच्या वाडीतली." कोणती आजी, हे कोणी विचारलं नाही.

परतताना स्कूटरवर ती माझ्या कानाशी म्हणाली, "घेते मी दृढीकरण. पण फादरांना सांगणार, की मला सगळं पटलेलं नाही."

"सांग. पुटपुटू नकोस, नीट सांग."

तिने सांगितलं. आजीचंही सांगितलं. फादर काय म्हणाले, विचारलं तर हसून म्हणाली, "म्हणाले, मलाही सगळं पटायचं बाकी आहे. पण तुझ्या मम्मीला सांगू नकोस."

आणि मग, मी नि:श्वास टाकते न टाकते तोच, "मम्मी, धर्ममाता म्हणून आंटी उभी राहिली तर?"

आई धर्ममाता होऊ शकत नाही. चर्चचा नियमच तसा आहे, आणि तो मीच दर वर्षी शिकवते. तेव्हा माझा नंबर नव्हताच. तरी मला वाटलं, की माझ्या जागेवरून मला उठवलं.

नणंदेला मलाच सांगावं लागलं. रागावली की ती आमच्या घरच्या बोलीवर येते, आणि त्या बोलीत कोणी बोलायला लागलं की समोरच्याने फक्त ऐकायचं असतं. तिचा मुख्य मुद्दा असा होता, की बाहेरची बाई, जिला धड 'ती खुर्ची' म्हणता येत नाही, ती आमच्या घराण्याच्या पोरीमागे उभी राहणार, आणि आई असून मी ते होऊ देते. मी म्हटलं, "ताई, माझंही तेच म्हणणं आहे." त्यावर ती गार झाली. साडी ती तरीही नेसली.

जानेवारीत बिशप आले. चर्च भरलेलं. मुलं पांढऱ्या कपड्यांत रांगेत, प्रत्येकामागे एकेक माणूस. रांग सरळ ठेवायचं काम माझ्याकडे, ते दर वर्षी माझ्याकडेच असतं. मी बाजूच्या खांबाशी उभी राहून बोटाने खुणा करत होते. पुढे सरक, हात जोड, मागे बघू नकोस.

माझ्या मुलीची पाळी जवळ आली. मागे तिची आंटी, मोरपिशी साडीत, केसांत गजरा. बहुधा पोरींनी बळजबरीने घातला असणार, कारण गजरा आणि तिचे केस यांचं काही जमत नव्हतं. बिशपांपुढे जाताना धर्ममातेने मुलीच्या उजव्या खांद्यावर उजवा हात ठेवायचा असतो. सरावाला मी तीनदा सांगितलं होतं. तिने डावा ठेवला, डाव्या खांद्यावर. डाव्या हाताची लाल नखं माझ्या मुलीच्या पांढऱ्या कपड्यावर दिसत होती. शेवटच्या बाकांपर्यंत दिसत असणार.

क्षणभर मला वाटलं, राहू दे. बघू दे सगळ्यांना.

पण पुढे दोनच मुलं उरली होती, आणि चुकीचं होऊ देणं मला जमत नाही. मी रांगेत गेले. तिचा डावा हात उचलून खाली केला. उजवा हात धरला. तो गार पडला होता. तिने माझ्याकडे बघितलं. बँकेतली बाई, कोणाच्याही कसल्याही प्रश्नाला न घाबरणारी, शाळेतल्या पहिल्या दिवसासारखी बघत होती.

"उजवा," मी हळूच म्हटलं. "घट्ट. हलवू नका."

तो हात मी मुलीच्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि वरून माझ्या हाताने दाबला. मुलगी मागे वळली नाही, तसं मीच शिकवलंय. फक्त तिने खांदा थोडा वर केला, आमच्या दोघींच्या हातांखाली.

मग रांग पुढे सरकली. मी हात काढला आणि खांबाशी परत गेले. पुढच्या पोराची कॉलर उलटी होती.